मुकादम, लेबर ऑफिसर आणि एचआर : खानदेशातील एका खुर्चीचा इतिहास

खानदेशातील गिरण्यांविषयी बोलताना तीन गोष्टी हमखास निघतात : शेटजींचे दातृत्व, कापसाचा व्यापार आणि कामगारांचे लढे. या तिन्हींच्या मधोमध एक खुर्ची होती. दाराशी आलेल्या माणसाला कामावर घ्यायचे की परत पाठवायचे, हे ठरवणारी खुर्ची. तिच्यावर आधी मुकादम बसला, मग लेबर ऑफिसर, मग पर्सोनेल मॅनेजर आणि आता एचआर हेड. दारावरची पाटी तीन वेळा बदलली. ती का बदलली आणि पाटीबरोबर आतले काम किती बदलले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत ही कथा सरळ चढणीची असते. पूर्वी माणूस म्हणजे खर्च होता, आता माणूस म्हणजे भांडवल आहे. पूर्वी हा विभाग हजेरी मांडायचा, आता तो कंपनीचे धोरण ठरवतो. मी १९८४ पासून सव्वीस वर्षे याच विभागात नोकरी केली, आधी धुळ्यात आणि नंतर जळगावच्या औद्योगिक वसाहतीत. त्यामुळे ही चढण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण ती अर्धी कथा आहे, आणि उरलेली अर्धी खानदेशात फार स्पष्ट दिसते.

आखाजीचा करार

गिरण्या येण्यापूर्वी खानदेशात माणूस कामावर ठेवण्याची एक पक्की रीत होती, आणि ती आजही पूर्णपणे गेलेली नाही. शेतावरच्या सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते आणि पुढच्या आखाजीला संपते. त्या दिवशी जुना हिशेब मिटवायचा, नव्या सालाचा आकडा ठरवायचा, उचल किती, धान्य किती, कपडेलत्ते काय, हे बोलून घ्यायचे. कागद नसला तरी चार माणसांचे शब्द असतात.

या व्यवस्थेचे कौतुक करण्यात अर्थ नाही. घेतलेली उचल फिटत नसे आणि एका सालाचा सालदार दहा साले त्याच वाड्यात राही. पण तिच्यात एक गोष्ट होती : काम देणारा आणि काम करणारा वर्षातून एकदा समोरासमोर बसत. ज्याच्या हाती निर्णय, त्याचेच तोंड समोर. गिरणीने पहिली मोडली ती हीच गोष्ट.

गिरणीचा दरवाजा

१८६०च्या दशकात जी. आय. पी. रेल्वे खानदेशातून गेली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. १८७०च्या दशकात तेथे खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. मूळजी जेठा हे नाव या गिरणीशी जोडलेले आहे, आणि पुढे जळगावच्या महाविद्यालयालाही तेच नाव लाभले. १९०६ साली अमळनेरात श्रीमंत प्रताप शेठ यांनी प्रताप मिल काढली. पुढे धुळ्याला न्यू प्रताप आणि चाळीसगावला लक्ष्मीनारायण गिरणी झाली. ज्या गावांत आखाजी, पोळा आणि दिवाळी यांवर वर्ष मोजले जाई, त्या गावांत भोंग्यावर दिवस मोजला जाऊ लागला.

या गिरण्यांत मालक आणि मजूर समोरासमोर येत नसत. मध्ये मुकादम असे. गिरणीच्या भाषेत जॉबर. तो आपल्या गावातून, आपल्या भाऊबंदांतून माणसे आणी, त्यांना साच्यावर किंवा मागावर लावी, बदलीवाल्यांपैकी आज कोणाला काम द्यायचे ते ठरवी, आणि नको तेव्हा काढूनही टाकी. कामावर घेण्याबद्दल त्याला दस्तुरी द्यावी लागे. अडीनडीला कर्जही तोच देई. भरती, शिस्त, बढती, बडतर्फी ही आज एचआरच्या पुस्तकातली प्रकरणे आहेत. तेव्हा ती सगळी एका माणसाच्या मर्जीत मावत होती.

हे चित्र एकट्या खानदेशाचे नव्हते. मुंबई-सोलापूरच्या गिरण्या याच पद्धतीवर चालत. वेगळा विचार करणारे उदाहरण म्हणजे नागपूरची एम्प्रेस मिल. १८७७ साली सुरू झालेल्या टाटांच्या या गिरणीने १८८६ साली निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ साली अपघात भरपाईची योजना आणली. कायद्याने यातले काहीच मागितलेले नव्हते. कामगार टिकत नाहीत, गैरहजेरी फार आहे आणि त्याने कापडाचा दर्जा बिघडतो, हा त्यामागचा व्यावहारिक विचार होता. माणसे टिकवणे हा धंद्याचाच भाग आहे, ही आज 'स्ट्रॅटेजिक' म्हणून शिकवली जाणारी कल्पना नागपुरात एकोणिसाव्या शतकातच वापरात होती.

खानदेशात शेटजींची उदारता वेगळ्या वाटेने गेली. प्रताप शेठांनी अमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले; देशभरातील अभ्यासक तेथे येऊन राहिले. त्यांच्या नावाची शाळा झाली, १९४५ साली महाविद्यालय झाले. गिरणीच्या पैशाने गावाला शिक्षण मिळाले, हे ऋण मोठेच आहे. पण दान आणि व्यवस्था यांत फरक असतो. दान देणाऱ्याच्या मनावर असते, व्यवस्था घेणाऱ्याला मागता येते. गिरणीच्या दारातला कामगार या काळात मुकादमाच्याच हाती होता.

१९३१ ची शिफारस

१९२९ साली ब्रिटिश सरकारने जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक रॉयल कमिशन नेमले. ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. १९३१ च्या अहवालात कमिशनने मुकादमाच्या हातातील भरतीवर नेमके बोट ठेवले आणि उपाय सुचवला : प्रत्येक मोठ्या कारखान्यात एक लेबर ऑफिसर नेमावा, कामगार घेण्याचे काम त्याच्याकडे द्यावे, आणि हा अधिकारी जनरल मॅनेजरखेरीज कोणाच्याही हाताखाली नसावा.

शेवटची अट महत्त्वाची आहे. माणसांचे काम पाहणाऱ्याला खातेप्रमुखाच्या हाताखाली ठेवले, तर तो त्या खात्याचा कारकून होतो. त्याला थेट वरच्या माणसाशी बोलता आले पाहिजे, हे व्हिटली कमिशनला कळले होते. एचआर प्रमुखाला संचालक मंडळाच्या बैठकीत जागा हवी, ही आजची मागणी त्याच विचाराची पुढची पायरी आहे. फरक हेतूचा आहे. १९३१ साली ही जागा मागितली होती ती कामगाराला मुकादमापासून वाचवण्यासाठी.

याच काळात अमळनेरचे सार्वजनिक जीवन ढवळून निघत होते. १९२४ ते १९३० ही वर्षे साने गुरुजी तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. १९३८ साली त्यांनी 'काँग्रेस' हे साप्ताहिक काढले आणि शेतकरी-कामगारांच्या प्रश्नांत ते उतरले. गिरणीत लाल झेंड्याची संघटनाही रुजली. आता मालकाला मुकादमापेक्षा वेगळा माणूस हवाच होता. मुकादम माणसे आणू शकत होता, पण संघटनेशी वाटाघाटी करणे, मागणीपत्राला उत्तर देणे, सरकारी लवादासमोर उभे राहणे हे त्याच्या आवाक्यातले नव्हते. लेबर ऑफिसर आला तो दयेतून जितका, तितकाच संघटनेच्या धाकातून. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. तिथून अशा कामासाठी शिकलेली माणसे तयार होऊ लागली.

कायद्याने दिलेली खुर्ची

१९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि १९४८ चा कारखाना कायदा, या तीन वर्षांत खुर्चीला सरकारी शिक्का मिळाला. पहिल्याने प्रातिनिधिक संघटनेला वाटाघाटीचा अधिकार दिला. दुसऱ्यातून शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांत मालक-कामगारांची कार्यसमिती आली. तिसऱ्याच्या कलम ४९ ने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला.

या कल्याण अधिकाऱ्याची स्थिती मोठी विचित्र होती. पगार मालकाचा, काम कामगाराचे. कॅन्टीनच्या डाळीपासून पाळणाघरापर्यंत आणि कर्जाच्या अर्जापासून घरच्या भांडणापर्यंत सगळे त्याच्याकडे येई. कामगार त्याला 'साहेबाचा माणूस' समजत आणि साहेब 'कामगारांचा वकील'. मी या नोकरीत शिरलो तेव्हा आमच्या कचेरीला 'टाइम ऑफिस' म्हणत. भिंतीवर कायद्यांचे गोषवारे लावलेले, टेबलावर मस्टर, भविष्यनिर्वाह निधीचे फॉर्म आणि कामगार न्यायालयाच्या तारखांची डायरी. धोरण हा शब्द तिथे कोणी उच्चारत नव्हते. पण एखाद्याचा पगार का कापला, हे विचारायला कामगार थेट आत येऊ शकत होता आणि उत्तर देणे आम्हाला भाग होते.

खानदेशात या व्यवस्थेचा सर्वांत पक्का नमुना भुसावळला पाहायला मिळे. रेल्वेच्या सेवापुस्तिकेत माणसाची अख्खी हयात नोंदलेली असे : भरती, बदली, बढती, शिक्षा, रजा, निवृत्ती. राहायला रेल्वेची वसाहत, आजारपणाला रेल्वेचा दवाखाना. १९४९ साली भुसावळला आणि १९६४ साली वरणगावला आयुध निर्माणी आल्या आणि त्यांनीही हाच साचा घेतला. या नोकऱ्यांनी दोन पिढ्यांतील लेवा, मराठा, दलित, मुस्लिम, कोळी घरांना स्थैर्य दिले. सेवाज्येष्ठतेची यादी भिंतीवर लागली की मुकादमाची मर्जी संपते, हा धडा लोकांनी तिथे घेतला.

गिरण्यांचे मात्र दिवस फिरले होते. १९७४ च्या आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरण कायद्याच्या यादीत धुळ्याची न्यू प्रताप आणि चाळीसगावची लक्ष्मीनारायण यांची नावे आहेत. अमळनेरची प्रताप मिल राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. यंत्रे जुनी, भांडवल नाही आणि शेजारी मालेगाव-धुळ्याचे यंत्रमाग. यंत्रमागाच्या शेडमध्ये माणसे इतकी थोडी की कारखाना कायद्याचा दहाचा आकडाच गाठला जात नसे. एकाच छपराखाली दोन-तीन नावांनी धंदा चालवला की कल्याण अधिकारी तर सोडाच, मस्टरही लागत नसे. भोंगे एकेक करून थांबले आणि त्यांच्याबरोबर टाइम ऑफिसेही.

अमळनेरचे तेल, बंगळूरची माणसे

नेमका याच अमळनेरातून निघालेल्या एका कंपनीने या खुर्चीचा पुढचा प्रवास घडवला. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. अमळनेरच्या कारखान्यात भुईमुगाच्या तेलापासून वनस्पती तूप आणि पुढे साबण होऊ लागला. १९६६ साली वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचे शिक्षण सोडून परतले, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. १९७७ साली कंपनीचे नाव विप्रो झाले आणि १९८०च्या सुमारास ती संगणकाकडे वळली.

या वळणाचा अर्थ ताळेबंदात पाहावा. तेलाच्या कारखान्यात मोलाच्या गोष्टी म्हणजे शेंगदाणा, घाणा, बॉयलर आणि टाक्या. माणूस गेला तर दुसरा येई. शेंगदाण्याचा भाव चढला तर मालकाची झोप उडे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात कच्चा मालही माणूस आणि यंत्रही माणूस, आणि तो रोज संध्याकाळी दाराबाहेर जातो. उद्या तो परत येईल का, हा तिथे धंद्याचा पहिला प्रश्न होतो. म्हणून भरती आणि प्रशिक्षण आपोआप धोरणाच्या टेबलावर गेले. विप्रोने १९९०च्या दशकात विज्ञान पदवीधरांना नोकरीत घेऊन, बिट्स पिलानीच्या सहकार्याने नोकरी करतानाच पदव्युत्तर शिक्षण देण्याची योजना आखली. अभियंते महाग आणि दुर्मिळ, तर आपणच घडवू, हा त्यामागचा हिशेब. मनुष्यबळ विकासाच्या 'पीपल सीएमएम' या आंतरराष्ट्रीय मापदंडाची पाचवी, म्हणजे सर्वोच्च, पातळी २००१ साली जगात प्रथम गाठणारी कंपनी विप्रोच होती.

या बदलाची वैचारिक तयारी मुंबईत आधीच झाली होती. १९७४-७५ साली अहमदाबादच्या आयआयएमचे प्राध्यापक उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रो कंपनीचा अभ्यास केला. कामगिरीचे मूल्यमापन, समुपदेशन, प्रशिक्षण, पुढील जबाबदारीची तयारी या सगळ्यांसाठी वेगळी मनुष्यबळ विकास यंत्रणा हवी, असे त्यांनी सुचवले आणि कंपनीने ते स्वीकारले. १९८५ साली केंद्र सरकारने शिक्षण खात्याचेच नाव मानव संसाधन विकास मंत्रालय केले. २०२० साली ते पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले. माणसाला 'संसाधन' म्हणावे का, हा वाद मराठीत अजून मिटलेला नाही. कोळसा आणि पाणी यांच्या रांगेत माणूस बसवणारा हा शब्द मला आजही खटकतो, म्हणून मी 'मनुष्यबळ' लिहितो.

वाकोद ते जैन हिल्स

दुसरे उदाहरण खानदेशातच राहिलेल्या उद्योगाचे. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन यांनी सरकारी अधिकारपद नाकारून १९६३ साली घरच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेलच्या विक्रीपासून धंदा सुरू केला. पुढे पपईच्या चिकापासून पपेन, १९८० नंतर पीव्हीसी पाइप आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक सिंचन.

पाइप दुकानातून विकता येतो, ठिबक तसे विकता येत नाही. जमीन कशी, पाणी किती, पीक कोणते, खत केव्हा, हे शेताच्या बांधावर उभे राहून सांगणारा माणूस लागतो. म्हणून या कंपनीला कृषी पदवीधर घ्यावे लागले, त्यांना शिकवावे लागले आणि शेतकऱ्यांसाठीही प्रशिक्षण उभारावे लागले. टिश्यू कल्चर केळीचेही तेच. रोप लॅबमध्ये होते, पण विश्वास बांधावर होतो. इथे माणूस हाच मालाचा भाग झाला. कर्मचाऱ्याला 'सहकारी' म्हणण्याची तिथली रीत जळगावकरांच्या ओळखीची आहे. शब्दाने पगार वाढत नाही हे खरे, पण हाक कोणती मारायची हे ठरवणे हाही व्यवस्थापनाचा निर्णय असतो.

विप्रो आणि जैन ही दोन्ही उदाहरणे एकच गोष्ट सांगतात. या विभागाला धोरणात स्थान मिळाले ते कोणाच्या चांगुलपणामुळे नव्हे. जिथे माणूस सहज बदलता येईनासा झाला, तिथेच त्याला भांडवल म्हटले गेले. मग ज्याला सहज बदलता येते, त्याचे काय?

नवे दार, जुना मुकादम

अमेरिकेतील प्राध्यापक डेव्ह उलरिच यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात एचआरच्या चार भूमिका सांगितल्या : धोरणातील भागीदार, कार्यक्षम प्रशासक, कर्मचाऱ्यांचा कैवारी आणि बदलाचा वाहक. आपल्याकडच्या व्यवस्थापन वर्गांत पहिली भूमिका सर्वांना आवडली. नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत मी ज्या कारखान्यात होतो, तिथे आमच्या विभागाचे नाव बदलले, वातानुकूलित खोली मिळाली, महिन्याच्या आढावा बैठकीत खुर्ची मिळाली. त्याच दहा वर्षांत यंत्रावर उभ्या असलेल्या माणसांपैकी आमच्या पटावर असलेले कमी होत गेले आणि ठेकेदाराच्या पटावरचे वाढत गेले. पगार का कापला, हे विचारायला ती माणसे आमच्याकडे आली, तर आम्ही त्यांना ठेकेदाराकडे पाठवत होतो. कागदोपत्री ते बरोबरच होते. तिसरी भूमिका, कैवाऱ्याची, कोणाकडेच उरली नव्हती.

ठेकेदार हा बहुधा त्यांच्याच तालुक्यातला असतो. माणसे तोच आणतो, उचल तोच देतो, उद्या कोणाला बोलवायचे ते रात्री फोनवर तोच ठरवतो. व्हिटली कमिशनने १९३१ साली मुकादमाकडून जे काढून घ्या म्हणून सांगितले होते, ते सगळे त्याच्याकडे परत आले आहे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा या प्रथेला आवर घालण्यासाठी, शक्य तिथे ती बंद करण्यासाठी होता. व्यवहारात ती पसरली.

२०१९ आणि २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या चार कामगार संहितांत दोन्ही दिशांच्या तरतुदी आहेत. कल्याण अधिकाऱ्यासाठीची मर्यादा पाचशेवरून अडीचशेवर आली, हे स्वागतार्ह. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर, कंत्राटी कामगारांच्या नियमांची मर्यादा वीसवरून पन्नासवर आणि स्थायी आदेशांची शंभरवरून तीनशेवर गेली. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील डाळ मिल, चटई आणि पाइपचे कारखाने किंवा धुळ्यातील यंत्रमाग यांचा आकार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

म्हणून कोणत्याही उद्योगात मनुष्यबळाला खरोखर धोरणात स्थान आहे का, हे तपासायला मी त्याचा वार्षिक अहवाल पाहत नाही. दरवाजावरच्या माणसाला दोन प्रश्न विचारतो : तुला कामावर कोणी घेतले? आणि तक्रार असली तर तू कोणाकडे जातोस? दोन्ही उत्तरांत ठेकेदाराचेच नाव आले, तर वरच्या मजल्यावरची पाटी काहीही असो, त्या कारखान्याचे साल अजून १९३१ च्या अलीकडे आलेले नाही.

एक विनंती करून थांबतो. गिरण्या गेल्या, तरी त्यांचे हजेरीपट, बदलीची पुस्तके, दंडाच्या नोंदी, कार्यसमितीची इतिवृत्ते कुठे ना कुठे पडून असतील. निवृत्त टाइमकीपरच्या माळ्यावर, संघटनेच्या बंद कचेरीत, रद्दीच्या वाटेवर. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात मनुष्यबळ व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांना परदेशी कंपन्यांची उदाहरणे पाठ असतात. त्यांच्या आजोबांच्या नावापुढची हजेरीची काडी कोणी आणि कशी मारली, हे त्यांना वाचायला मिळाले पाहिजे. ज्यांच्या घरी असे कागद आहेत, त्यांनी ते यंदाच्या दिवाळीच्या आवराआवरीत टाकून देऊ नयेत.